वटवट्यांचे फोटो आणि ओळख: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर उजाडला की माझ्या फोनवर पानं यायला लागतात. अक्षरशः पानं: करंजाची, जांभळाची, घाणेरीची, आणि त्यांत कुठेतरी अर्धी शेपटी. खाली एकच ओळ, "हा कोणता?" गेल्या काही हिवाळ्यांत फिरून फिरून आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात दुसऱ्याचा विषय निघाला तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वॉर्बलर म्हणजेच वटवट्या ना? मग अंगणात वर्षभर दिसणारा आणि थंडीत येणारा, दोन्ही एकच का?

नाव एकच, पक्षी वेगळे. राखी वटवट्या, साधा वटवट्या ही नावं प्रिनियांची. ते इथलेच, बारमाही. शेपटी उभी करून झुडपात नाचतात, इथेच घरटं करतात. पानं शिवून घरटं करणारा शिंपी त्यांच्याच कुटुंबातला.

थंडीतले पाहुणे निराळे. ते हिमालयातून, मध्य आशियातून, सायबेरियातून येतात. बहुतेक दहा ते तेरा सेंटिमीटरचे, बारीक चोचीचे, किडे टिपणारे. रंग हिरवट नाहीतर मातकट. मराठीत त्यांनाही वटवट्याच म्हणतात. हा त्यांच्यावर थोडा अन्यायच, कारण वटवट प्रिनिया करतात. पाहुणा दिवसभर एकच शब्द बोलतो, आणि तोच त्याचा पुरावा असतो (प्रश्न ११).

आणखी एक. मला 'वॉर्बलर' म्हणून येणाऱ्या फोटोंत बरेच निघतात चष्मेवाले, शिंजीराच्या माद्या, नाहीतर सुभग. डोळ्याभोवती पांढरं कडं असेल तर चष्मेवाला. चोच लांब आणि खाली वळलेली असेल तर शिंजीर. आधी हे दोन तपासा.

२. जगात वॉर्बलरची कुटुंबं नेमकी किती?

'वॉर्बलर' हे एका कुटुंबाचं नाव नाही, म्हणून नेमका आकडा सांगता येत नाही. युरोप, आशिया, आफ्रिकेतले जवळजवळ सगळे वॉर्बलर पूर्वी 'सिल्विडी' या एकाच कुटुंबात कोंबले होते. माळ्यावरच्या खोक्यासारखं: कुठे ठेवायचं कळलं नाही की टाक त्यात. पुढे डीएनए तपासले गेले. पेर अल्स्ट्रोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००६ मधल्या कामानंतर तो खोका उघडला, आणि आतली मंडळी एकमेकांची फारशी नातेवाईक नाहीत असं दिसलं.

आपल्याला लागणारी कुटुंबं अशी. झाडाच्या शेंड्यात पानांमागे फिरणारे लीफ वॉर्बलर, म्हणजे फायलोस्कोपिडी. बोरू, वेळू, झुडपांतले रीड वॉर्बलर, म्हणजे ॲक्रोसेफॅलिडी. प्रिनिया, शिंपी, सिस्टिकोला यांची सिस्टिकोलिडी. गवतात उंदरासारखे पळणारे ग्रासबर्ड आणि ग्रासहॉपर वॉर्बलर लोकस्टेलिडीत. पश्चिम घाटाबाहेर न सापडणारा ब्रॉड-टेल्ड ग्रासबर्ड यांच्यातलाच. हिमालयातले बुश वॉर्बलर आणखी एका कुटुंबात. आणि मूळच्या सिल्विडीत बाभळीतला लेसर व्हाइटथ्रोट आणि त्याचे भाऊबंद.

अमेरिकेतले रंगीबेरंगी वॉर्बलर, म्हणजे पॅरुलिडी, तर पूर्णच वेगळे. सुमारे ११५ जाती, आणि नातं तिकडच्या चिमण्या व ब्लॅकबर्डशी. युरोपातून गेलेल्या लोकांनी बारीक चोच पाहिली आणि ओळखीचं नाव देऊन टाकलं. मादागास्करमध्ये अकरा जातींचं एक स्वतंत्र कुटुंब आहे. त्यातले काही पक्षी आधी बुलबुलांत, काही सातभाईंच्या गोतावळ्यात, काही वॉर्बलरमध्ये मोडत. ऑस्ट्रेलियात गेरिगोन आणि थॉर्नबिल हीच जागा भरून काढतात.

अपवाद विचारणाऱ्यांसाठी: अमेरिकन रेडस्टार्ट आणि ओव्हनबर्ड यांच्या नावात वॉर्बलर नाही, पण ते पॅरुलिडीतले आहेत. ऑलिव्ह वॉर्बलरच्या नावात आहे, पण तो पॅरुलिडीत नाही. तो आपल्या कुटुंबात एकटाच. यलो-ब्रेस्टेड चॅट पॅरुलिडीत होता, २०१७ मध्ये त्यालाही वेगळं घर मिळालं.

३. सुरुवात कुठून करू? कुठे जावं लागेल?

कुठेही नको. सोसायटीतलं एखादं मोठं झाड धरा. सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत त्यात एखादा ग्रीनिश वॉर्बलर मुक्कामाला असण्याची शक्यता दांडगी. हा पक्षी थंडीतही आपली हद्द राखतो. दक्षिणेकडच्या पश्चिम घाटात त्यावर अभ्यास झाला आहे. एकदा बसला की तो महिनोन्‌महिने तोच भाग धरून असतो आणि बोलत राहतो. आज पानाआड गेला तर उद्या त्याच फांदीखाली उभं राहा.

कातळ असेल तर सल्फर-बेलीड वॉर्बलर बघा. गडावरच्या दगडांवर, तटाच्या भिंतीवर, झाडाच्या बुंध्यावर तो खारीसारखा सरकतो. मला तो पहिल्यांदा सिंहगडावर भेटला, तोही कांदाभज्यांची वाट पाहताना, समोरच्या दगडावर. लिंबासारखी पिवळी भुवई (डोळ्यावरची पट्टी), चोचीपाशी जवळजवळ केशरी. लीफ वॉर्बलर कुटुंबातला असून पानांत फारसा रमत नाही, म्हणून नवशिक्यासाठी उत्तम. मुंबईकरांनी बोरूचं बेट असलेली खाडी शोधावी. भांडुप पंपिंग स्टेशनच्या परिसरात क्लॅमरस रीड वॉर्बलर ऐकायला कान लावावे लागत नाहीत, तोच कानात घुसतो.

४. कोणती लेन्स घेऊ?

४०० मिलिमीटरची पोच पुरते, ६०० असेल तर सुख. वॉर्बलरसाठी वजन जास्त महत्त्वाचं. हे पक्षी डोक्यावर असतात, मान आणि हात वर करून दहा मिनिटं उभं राहायचं असतं. हातात धरता येईल तीच लेन्स खरी. ट्रायपॉड गाडीतच राहू द्या. सुपरझूम कॅमेऱ्यावर काढलेल्या फोटोंवरून मी कितीतरी पक्षी ओळखले आहेत, आणि महागड्या लेन्सच्या मखमली फोटोंवरून तितकेच ओळखता आले नाहीत. कारण प्रश्न ७ मध्ये.

५. सेटिंग काय ठेवायचं? माझे सगळे फोटो हललेले येतात.

उन्हात शटर १/१००० किंवा त्याहून जलद. घाटातल्या दाट झाडीत सकाळी तेवढा उजेड नसतो, तिथे १/५०० पर्यंत खाली या आणि एका वेळी पाच-सहा फोटो सलग घ्या, एखादा स्थिर निघतो. आयएसओ १६०० किंवा ३२०० गेला तरी घाबरू नका. कणीदार फोटोत भुवई दिसते, हललेल्या फोटोत काहीच दिसत नाही.

फोकसला एकच छोटा बिंदू वापरा. पक्ष्याचा डोळा आपोआप पकडणारे नवे कॅमेरे मोकळ्या फांदीवर जादू करतात, दाट पानांत मात्र पानांमधल्या भोकांनाच डोळा समजतात. मागे आभाळ असेल तर एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढवा, नाहीतर पक्षी काळा कोळसा येतो. फ्लॅश नको. पक्ष्याला त्रास आहेच, वर ओळखीचे रंगही बिघडतात.

६. तो एका जागी थांबतच नाही. काय करू?

त्याच्या मागे धावू नका. पाच मिनिटं नुसतं बघा. लीफ वॉर्बलर साधारण एका दिशेने झाड चाळत जातात. फांदीच्या बुडापासून टोकाकडे, मग उडी, मग पुढची फांदी. तो आत्ता कुठे आहे यापेक्षा पुढे कोणत्या मोकळ्या काटकीवर येईल ते हेरा, तिथे आधीच फोकस करून ठेवा आणि थांबा. ब्लिथ्स रीड वॉर्बलर याउलट. तो करवंदाच्या जाळीत खालून वर चढतो, एकदा टोकाशी येतो, बघतो, पुन्हा आत. ते टोक म्हणजे तुमची दोन सेकंदं.

मिश्र थव्यात रामगंगा, सुभग, गोमेट यांच्याबरोबर वॉर्बलरही चालतात. थवा समोरून येतोय असं दिसलं तर जागा सोडू नका, तो अंगावरून जातो.

७. ओळख पटण्यासाठी फोटोत काय काय दिसायला हवं?

वॉर्बलर एका फोटोवर ओळखला जात नाही, पाच वाईट फोटोंवर ओळखला जातो. लोक मला पन्नासातला सगळ्यात देखणा निवडून पाठवतात: बाजूने बसलेला, मागे गुळगुळीत हिरवं. तो भिंतीवर लावायला छान. मला हवे असतात ते तुम्ही डिलीट केलेले.

बाजूच्या फोटोत भुवई बघायची: कुठे सुरू होते, डोळ्यामागे किती जाते, तिच्या वर गडद रेघ आहे का. पंखावर फिकट पट्टी आहे का, एक की दोन. थोडा वरून मिळाला, तर डोक्याच्या मधोमध फिकट पट्टा आहे का. खालून काढलेल्या, लोकांना नकोशा वाटणाऱ्या फोटोत शेपटीखालचा रंग, खालच्या चोचीचा रंग आणि पायांचा रंग कळतो. शेपटी चौकोनी की गोल, कडेला पांढरं आहे का, तेही.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे मिटलेला पंख. आतल्या पिसांच्या पुढे लांब पिसांची टोकं किती बाहेर येतात ते बघायचं. ब्लिथ्स रीडची टोकं आखूड दिसतात. त्याच्यासारख्याच मातकट रंगाच्या युरोपीय रीड वॉर्बलर आणि मार्श वॉर्बलरची लांब. रंग फसवतो, ही लांबी सहसा फसवत नाही. त्यासाठी पंखाचा एक तरी फोटो अगदी बाजूने आणि स्पष्ट हवा.

शक्य असेल तर तीस सेकंदांचा व्हिडिओ घ्या. शेपटी खाली झटकतो, पंख फडकावतो की काहीच करत नाही, हे स्थिर फोटोत येत नाही.

८. कॅमेऱ्यात पिवळा दिसला, संगणकावर हिरवा. खरा रंग कोणता?

दोन्ही नाही. पानांतून गाळून आलेला उजेड हिरवा असतो आणि पांढुरक्या पोटावर तो सरळ उतरतो. जांभळाच्या झाडातला करडा पक्षीही हिरवा दिसतो. सकाळच्या कोवळ्या उन्हात तोच पिवळा होतो. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, फोटो काढा, म्हणजे रंग नंतर सावरता येतो. पाठवण्याआधी रंग गडद करू नका. आणि पाय काळे की तपकिरी हे सावलीतल्या एकाच फोटोवरून ठरवू नका.

याच चुकीने मी एकदा एका साध्या ग्रीनिशला ब्राइट-ग्रीन वॉर्बलर करून टाकलं होतं. पोट पिवळं दिसत होतं, आनंद मावत नव्हता. दुसऱ्या दिवशी तोच पक्षी, तीच फांदी, ढगाळ हवा: पोट पांढुरकं. पिवळेपणा समोरच्या फुललेल्या झाडाचा होता.

९. हिरवट, पंखावर पट्टी. ग्रीनिश, लार्ज-बिल्ड की वेस्टर्न क्राउन्ड?

आधी डोकं. मधोमध फिकट राखाडी पट्टा आणि दोन्ही बाजू गडद असतील, पंखावर दोन पट्ट्या असतील, तर वेस्टर्न क्राउन्ड. तो हिमालयातून येऊन पश्चिम घाटात थंडी काढतो. डोक्यावर पट्टा नसेल तर उरले दोघे.

ग्रीनिश लहान, चेहरा सौम्य, खालची चोच फिकी, एक बारीक पट्टी. लार्ज-बिल्ड अंगाने भरलेला, चेहरा रागीट: डोक्याचा वरचा भाग गडद, डोळ्यातून जाणारी रेघ जाड, गालावर ठिपक्यांचा मळकटपणा, चोच मोठी आणि बरीचशी गडद. आवाजावर निकाल लगेच लागतो. ग्रीनिशचा झटपट, जोडून आलेला 'चिस्ली'. लार्ज-बिल्डचा दोन सुरांची स्वच्छ शीळ, दुसरा सूर वर.

पट्टीवर फार विसंबू नका. ती पिसांच्या टोकांवर असते आणि टोकं झिजतात. पट्टी दिसली नाही म्हणजे ती नव्हतीच असं होत नाही.

१०. तपकिरी, काहीच खूण नाही. हा कोण?

महाराष्ट्रात, झुडपात, थंडीत असेल तर बहुतेक ब्लिथ्स रीड वॉर्बलर. नावात रीड असलं तरी थंडीत त्याला बोरू लागत नाही. घाणेरी, करवंद, परसातली मेंदीही चालते. भुवई आखूड, मुख्यतः चोच आणि डोळ्याच्या मध्ये. दगडावर दगड आपटल्यासारखा 'चक्... चक्'. ब्लिथ हे कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे एकोणिसाव्या शतकातले अभिरक्षक.

भुवई डोळ्यामागेही ठळक, तिच्यावर गडद काठ आणि जागा पाणथळ असेल तर पॅडीफिल्ड वॉर्बलरचा विचार करा. भुवई अजिबात नाही आणि चोच जाड, तर थिक-बिल्ड. बुलबुलाएवढा मोठा वाटला आणि बोरूत असला तर क्लॅमरस. माळावर, बाभळीत, फिकट मातीच्या रंगाचा, चौकोनी शेपटीचा असेल तर बुटेड किंवा साइक्स. ही जोडी मात्र वाईट आहे. साइक्सची चोच आणि शेपटी जरा लांब, अंग जरा फिकट. दोन्ही पक्षी शेजारी बसले तर फरक कळतो. ते शेजारी बसत नाहीत.

साइक्स कोण हेही विचारतात. कर्नल विल्यम हेन्री साइक्स, ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातले. दख्खनमध्ये पाहणी करता करता त्यांनी पक्षी गोळा केले आणि १८३२ मध्ये त्यांची यादी छापली. राखी वटवट्या आणि साधा वटवट्या यांची शास्त्रीय नावंही त्याच वर्षी त्यांनीच दिलेली. साइक्स वॉर्बलरचं शास्त्रीय नाव आहे 'इडुना रामा'.

११. आवाज रेकॉर्ड करायला वेगळं यंत्र लागतं का? मर्लिनवर विश्वास ठेवू का?

फोन पुरतो. फोटो मिळत नसेल तर फोनचा तळ, जिथे माईक असतो, पक्ष्याकडे धरा आणि मिनिटभर गप्प राहा. मर्लिन, म्हणजे आवाजावरून पक्ष्याचं नाव सुचवणारं ॲप, कामाचं आहे, पण एका आवाजाच्या पक्ष्यांत ते चुकतं. त्याने सुचवलेलं नाव म्हणजे शोधायची दिशा समजा, आणि मूळ रेकॉर्डिंग जपून ठेवा.

आवाजावरून ओळख ही पळवाट नाही. इंग्लंडच्या सेलबॉर्न गावातल्या गिल्बर्ट व्हाइट यांनी १७६८ मध्येच ओळखलं होतं की तिथले एकसारखे दिसणारे 'विलो रेन' एक नसून तीन आहेत, आणि त्यांच्या आवाजांवर त्यांचा मोठा भर होता. आज त्यांना चिफचॅफ, विलो वॉर्बलर आणि वुड वॉर्बलर म्हणतात.

आपल्याकडे थंडीत बहुतेकांची फक्त हाक ऐकू येते. परतीच्या आधी, मार्च-एप्रिलमध्ये, ब्लिथ्स रीड जाळीत बसून हळू आवाजात गाऊ लागतो, इतरांच्या नकलाही करतो. ते ऐकून 'नवीन पक्षी' म्हणून बरेच मेसेज येतात.

१२. फोनवर त्याचा आवाज वाजवला तर तो बाहेर येतो. चालेल ना?

येतो, कारण त्याला वाटतं कुणी त्याच्या हद्दीत घुसलंय (प्रश्न ३). आठ-दहा ग्रॅमचा जीव, खाणं सोडून भांडायला येतो. मी वाजवत नाही. शिंप्याच्या घरट्याजवळ तर फोटोही नको. पानं बाजूला केली की कावळ्याला रस्ता सापडतो.

१३. मुलीकडे न्यू जर्सीला चाललोय. तिकडचे वॉर्बलर कधी, कुठे?

मे महिन्याचे पहिले तीन आठवडे. बाकी काही ठरवायचं नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये, विशेषतः रॅम्बल नावाच्या झाडीत, एका सकाळी पंधरा-वीस जाती दिसू शकतात. रात्रभर उडून थकलेले पक्षी खाली हिरवं दिसलं की उतरतात, आणि त्या शहरात हिरवं तेवढंच. ओहायोत एरी सरोवराकाठी मॅगी मार्शचा लाकडी पूल आहे, तिथे पक्षी हाताच्या अंतरावर येतात. जवळ फोकस होणारी लेन्स न्या.

तिकडे वसंतातल्या नरांची ओळख सोपी, रंगच बोलतात. ऑगस्टनंतर पिल्लं आणि रंग उतरलेले नर एकत्र येतात आणि पुन्हा आपल्यासारखीच हिरवट-पिवळट पंचाईत. तेव्हा प्रश्न ७ पुन्हा वाचा. ब्लॅकपोल वॉर्बलर शरद ऋतूत बारा-एक ग्रॅमच्या अंगानिशी अटलांटिकवरून दोन-तीन दिवस न थांबता कॅरिबियनकडे उडतो. २०१५ मध्ये पाठीवर बसवलेल्या बारीक यंत्रांनी ते सिद्ध झालं. बॅकमन्स वॉर्बलर शोधू नका, तो नामशेष झाल्याचं अमेरिकेने २०२३ मध्ये अधिकृतपणे मान्य केलं.

१४. फोटो उत्तम आहे, तरी तुम्ही जातीचं नाव देत नाही. का?

काही पक्षी फोटोत ओळखू येतच नाहीत. लेसर व्हाइटथ्रोटचं उदाहरण घ्या. दख्खनच्या बाभळींत दिसतो तो सायबेरियाकडचा, काश्मीरकडचा की वाळवंटाकडचा, हे रंगछटांवरून सांगणारे भेटतात. मी 'लेसर व्हाइटथ्रोट' लिहून थांबतो. बुटेड-साइक्स जोडीत निम्म्या वेळा 'दोनपैकी एक' असंच लिहितो. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर तशी नोंद करायची सोय आहे, ती वापरा.

ज्यांना हे पटत नाही त्यांना मी लार्ज-बिल्ड रीड वॉर्बलरची गोष्ट सांगतो. १८६७ मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी सतलजच्या खोऱ्यात एक पक्षी मिळवला. हेच ते ह्यूम, पुढे काँग्रेसच्या स्थापनेतले. त्यानंतर जवळजवळ १४० वर्षं तो कुणाला दिसल्याची नोंद नव्हती. मार्च २००६ मध्ये थायलंडमध्ये, सांडपाणी शुद्धीकरणाच्या तळ्यांपाशी, फिलिप राउंड यांच्या जाळ्यात एक विचित्र रीड वॉर्बलर आला. मोजमापं जुळली, पिसांतल्या डीएनएने शिक्कामोर्तब केलं. मग इंग्लंडमधल्या संग्रहालयात एकोणिसाव्या शतकातला दुसरा नमुना सापडला. तो इतकी वर्षं ब्लिथ्स रीडच्या खणात पडून होता. पुढे अफगाणिस्तानच्या ईशान्य कोपऱ्यात त्यांची वीणही सापडली. हातात धरलेला पक्षी शंभरहून अधिक वर्षं चुकीच्या खणात राहू शकतो, मग वीस मीटरवरून पानाआडचा?

१५. पुस्तकात एक नाव, ॲपमध्ये दुसरं. कोणतं लिहू?

ज्या यादीत नोंद करता तिचं. खोका उघडल्यापासून (प्रश्न २) सामान लावणं अजून चालूच आहे. लेसर व्हाइटथ्रोटच्या शास्त्रीय नावातला 'सिल्विया' गेला आणि 'कुर्रुका' आला. 'सायसर्कस' नावाचा गट 'फायलोस्कोपस'मध्ये विरघळला. वहीत मात्र पक्ष्याचं वर्णन लिहून ठेवा. नाव बदललं तरी भुवई तीच राहते.

१६. मला वाटतं मला दुर्मीळ वॉर्बलर मिळालाय. आधी काय करू?

तो अजून तिथेच असेल तर मला फोटो पाठवत बसू नका, आणखी काढा. खालून, पाठीमागून, शेपटी पसरली तेव्हा. आवाज घ्या. वेळ, झाड, जमिनीपासूनची उंची लिहा. मग घरी येऊन तो ब्लिथ्स रीड किंवा ग्रीनिश का नाही, याची कारणं कागदावर मांडा. तीन कारणं जमली तर पाठवा, रात्री अकरालाही चालेल. आणि डिलीट केलेल्या फोटोंसकट.